आपलं डॅम्परचं भांडण

ताई, आपण ज्यावरून भांडत होतो ते मिटवणारी गाडी अखेर आली.

तुमचं तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, मी पुन्हा शोरूमला जायला लागले आणि त्याच आठवड्यात कंटेनर आला. खोकं फोडलं तेव्हा मी स्पेअर पार्टच्या काउंटरपाशी उभी होते. पुढचं उंच चाक, लांब हालचालीचं सस्पेन्शन, पोटाला दगड लागू नये म्हणून खालून पत्रा, हे सगळं आपल्या ओळखीचं. नवीन होतं ते हँडलच्या मधोमध. एक चपटी डबी आणि तिच्यातून निघणारी वायर. हँडलला बसणारे धक्के जिरवणारा डॅम्परच, पण हातानं पिळायची गुंडी नसलेला. हँडल किती घट्ट ठेवायचं आणि किती ढिलं, हे आता वेग बघून गाडीच ठरवणार होती.

मॅनेजर म्हणाले, "रूपाली मॅडम, पहिल्यांदा तुम्हीच फिरवून आणा. गिऱ्हाईकाला तुम्हालाच समजावून सांगायचंय."

एमआयडीसीच्या मागं तो मोकळा मुरमाड तुकडा आहे ना, तिथं नेली. दगडांवरून जोरात घातली तर हँडल हातात जागच्या जागी राहिलं. वेग अगदी कमी करून बाभळींच्या मधून वळवली तर तेच हँडल पिसासारखं हलकं. मी गाडी उभी केली, हेल्मेट काढलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. तुम्ही काय म्हणाला असता ते मनात जुळवून बघत होते. "बघ, आपन दोघी बी बरोबर हुतो," असं म्हणाला असता? का नेहमीसारखं तोंड वाकडं करून, "कवा घट्ट व्हायचं हे मशीन ठरवनार, मग मी कशाला बसू वर?" असं? मी दोन्ही आवाज काढून बघितले. दोन्ही तुमचेच वाटले. खरं कुठलं, हे कळायची सोय आता राहिली नाही.

शोकसभेत तुमच्याबद्दल बरंच बोललं गेलं. सगळे मनापासून बोलले, तरी ऐकताना मला अवघडल्यासारखं होत होतं. एक जण म्हणाले, "बाईमाणूस असून पुरुषासारखी मोटरसायकल चालवायच्या." तुम्ही तिथं असता तर पदर खोचून विचारलं असतं, "पुरुष कशी चालवत्यात ते बघितलंया का कधी? अर्धे रस्त्याच्या कडंला पडलेले सापडत्यात मला." कुणी तुम्हाला गोरगरिबांच्या जनावरांची माउली म्हणालं. मला आठवत होत्या त्या वेगळ्याच गोष्टी. चहात बिस्किट बुडवून ते तुटून पडलं की तुम्ही बशीलाच शिवी देत होता. गोठ्यातून आल्यावर कोपरापर्यंत हात घासताना म्हशीशी झालेलं बोलणं मला जसंच्या तसं सांगत होता. आणि हँडलला तुम्ही माणूस समजत होता.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला तुमची भीती वाटायची. डाळजला माझ्या माहेरी सांगून ठेवलं होतं की नणंद डॉक्टर आहे, जनावरांची, लग्न केलेलं नाही, आणि घरात तिचाच शब्द चालतो. मी तुम्हाला वन्सं म्हणायला लागले तर तुम्ही म्हणालात, "वन्सं म्हनलं की मला नाटकातली सासू झाल्यागत वाटतंय. ताई म्हन."  आणि लगेच विचारलंत, "गाडी येती?"

"सायकल येती."

"रविवारी माळावर जाऊ."

माळ म्हणजे कडबनवाडीचा. तुमच्या आजोबांची मेंढरं जिथं चरली तो. गवत वाळून पिवळं झालेलं, मधेमधे मुरूम, उघडे पडलेले खडक, आणि वर नुसतं आभाळ. तिथं तुम्ही मला तुमच्या उंच गाडीवर बसवलंत. माझे पाय धड टेकत नव्हते. मी हँडल असं धरलं होतं जसं काही कुणी हिसकावून घेणार आहे. तुम्ही बाजूनं चालत होता.

"आगं, हात ढिलं सोड. हँडल काय तरी सांगतंय आन् तू त्याचं तोंड दाबतीयास."

"काय सांगतंय?"

"खाली दगुड हाय म्हनतंय. उठून उभी रहा, पायावर जोर दे, गुडघ्यानं टाकी धर. आन् चाकाकडं बघू नगंस, लांब बघ."

लांब बघितलं तर गवतातून एक चिंकारा हरीण उठून आडवं पळालं. मी पुढचा ब्रेक गच्च दाबला आणि गाडीसकट आडवी झाले. तुम्ही धावत आलात, आधी माझा पाय चाचपलात, हाड शाबूत आहे म्हटल्यावर मग मटकन खाली बसून हसायला लागलात. "चिंकारा पळून गेला की गं. तू का पडलीस?" मला त्या घरात पहिल्यांदा मोठ्यानं हसू आलं ते तिथं, मुरमात पडल्या पडल्या.

शोरूममधली नोकरीही तुम्हीच लावलीत. लावलीत म्हणजे शब्द टाकला नाहीत. मला घेऊन गेलात, मॅनेजरांना म्हणालात, "ही डोंगरातनं चालवायची गाडी कोनाला चालवून दाखवाय येती का तुमच्यात? हिला येती." आणि बाहेर जाऊन उभ्या राहिलात. घरी आमचे हे, म्हणजे संजय, थोडे नाराज होते. तुमचे धाकटे भाऊ, तुमच्यापुढं बोलायचे नाहीत. माझ्याजवळ म्हणाले, "लोक काय म्हणतील?" पहिल्या पावसाळ्यात त्यांच्या साखर कारखान्यातल्या साहेबाच्या मुलाला मी गाडी शिकवली, त्यानंतर तो प्रश्न घरात परत आला नाही.

मग वडगाव निंबाळकरच्या त्या गोठ्यात म्हशीनं तुमचा डावा हात दावणीच्या खांबावर दाबला. मनगटात धातूची पट्टी बसवावी लागली. प्लास्टर निघालं, पण मूठ पहिल्यासारखी वळेना. डॉक्टर म्हणाले, खडबडीत रस्त्यावर गाडी नको. तुम्ही मान हलवलीत आणि दुसऱ्या दिवशी गाडीला किक मारलीत. संध्याकाळी आलात ती थेट मोरीत जाऊन, गार पाण्याच्या बादलीत हात घालून बसलात. मी दारात उभी राहिले तर म्हणालात, "काय बघतीयास? भाकरी टाक."

मी तेव्हा नुकतीच कंपनीच्या ट्रेनिंगहून आले होते. तिथं डॅम्पर बघितला होता. एका रविवारी तुमच्या गाडीला बसवला. तुम्ही चष्मा लावून वाकून बघितलंत.

"हे काय? बँकेचं दार आपटू नये म्हनून वर लावलेलं असतंय तसलं?"

"अगदी तसलंच. आत तेल हाय. दार हळू ढकललं तर उघडतंय, वाऱ्यानं आपटायला लागलं की अडवतंय. तसं तुमी वळवलं तर हँडल वळनार. दगडानं चाक फेकलं तर धक्का हितं जिरनार, मनगटात न्हाय. ही गुंडी फिरवली की कमी-जास्त."

"म्हंजी जमिनीचं बोलनं माझ्या हातापर्यंत यायचं न्हाय."

"बोलू द्या की. पन कानाखाली कशाला मारून घ्यायची?"

हे आपलं पहिलं भांडण. त्यानंतर जेवताना, कपडे वाळत घालताना, भिगवणच्या रस्त्यावर मासे घेताना, आपण दोघी तेच भांडत राहिलो. तुमचं म्हणणं असं की हँडल थरथरतं तीच बातमी आहे, ती मधेच अडवली तर माणूस बेसावध होतो. गाड्यांत रोज काहीतरी नवीन येतंय, ब्रेक स्वतः ठरवतोय, मागचं चाक घसरलं तर इंजिन स्वतः दम खातंय, अशानं चालवणाऱ्याचं अंग मठ्ठ होतं. माझं म्हणणं असं की दुखणारा हात बातमी ऐकतच नाही, तो नुसता दुखतो. माळावर जाऊन तुम्ही एक फेरी मारून आलात, हातमोजा काढलात, मूठ उघडलीत, मिटलीत.

"दुखलं न्हाय," म्हणालात. मला आनंद झाला तोवर पुढं म्हणालात, "पन मुकं वाटतंय."

तरी डॅम्पर काढायला सांगितला नाहीत. गुंडी घट्ट पिळून ठेवलीत आणि पुन्हा सगळीकडं फिरायला लागलात.

आणि मग तो चिखलातला दिवस. त्याबद्दल आपण नंतर कधी नीट बोललो नाही, म्हणून आता बोलते.

उन्हाळा होता. आपण माझ्या माहेरी, डाळजला गेलो होतो. उजनी धरणाचं पाणी मागं हटलेलं, आणि उघड्या पडलेल्या तळावर हिरवं गवत आलेलं. त्यासाठी लांबलांबून मेंढरं उतरली होती. जेवणं झाली आणि तुमचा फोन वाजला. बिरातात्या. तुमच्या आजोबांच्या ओळखीतलं मेंढपाळाचं घर, तुम्हाला अगदी लहानपणापासून ओळखणारं. ओरडून सांगत होते. कापलेल्या ज्वारीच्या खुंटांना कोवळा फुटवा आला होता, त्या रानात मेंढरं शिरली, आणि आता पटापट पडत होती. तुम्ही उठतानाच म्हणालात, "विष चढलंय." तो फुटवा जनावराच्या अंगात किती लवकर भिनतो हे तुम्ही मला पूर्वी सांगितलं होतं, त्यामुळं मीही उठले. रस्त्यानं गेलं तर मोठा वळसा. तळातून गेलं तर समोर दिसतंय तिथं.

तुम्ही पुढं, मी मागं, औषधांची पेटी दोघींच्या मधे. सुरुवातीला वाळलेली, भेगाळलेली जमीन, गाडी पळत होती. मग माती काळी झाली आणि चाकं रुतायला लागली. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या होत्या, त्यातून हळूहळू जायचं. आणि तिथं हँडल तुम्हाला जड जायला लागलं. मला मागून तुमचे खांदे दिसत होते. चिखलात हळू जाताना हँडल क्षणाक्षणाला जरा इकडं, जरा तिकडं करावं लागतं, आणि घट्ट पिळलेला डॅम्पर ते करू देईना. पुढचं चाक चाकोरीच्या काठाला घासलं, तुम्ही सावरायला गेलात, मनगटानं साथ दिली नाही. आपण दोघी चिखलात.

लागलं नाही. चिखल मऊच होता. तुम्ही गाडी उचलायला वाकलात आणि डावी मूठ हँडलवरून निसटली. पुन्हा धरलीत, पुन्हा निसटली. मी हात लावला, गाडी उभी केली. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. तुमच्या गालावर चिखल होता आणि तोंडावर जे होतं ते मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

"घे," म्हणालात. "तू चालीव."

मी बसले. गुंडीला हात घातला.

"ढिली करू?"

"पुढं दगुड लागला तर?"

"दगुड न्हाय पुढं. हितनं तिकडपातुर नुसता गाळ हाय. मी हितंच वाढलीय, ताई."

तुम्ही गालावरचा चिखल पुसलात. मग म्हणालात, "कर."

मी गुंडी पार सैल केली. मागच्या चाकाचा ब्रेक स्वतः ठरवणारा तो एबीएस बंद केला. तुम्ही पेटी पोटाशी धरून बसलात आणि सांगितलं, "मी जरा मागं सरकून बसती. म्हंजी पुढचं चाक उचलून धरल." आणि खरंच, पुढचं चाक हलकं झालं, चिखलावरून तरंगल्यासारखं जायला लागलं. गाडी डावीकडं कलली की मला कळायच्या आत तुमचं वजन उजवीकडं गेलेलं असायचं. मी हँडलवर होते, पण गाडी आपण दोघी चालवत होतो. त्या सबंध वाटेत तुम्ही मला एक शब्दही शिकवला नाहीत.

तिथं पोचलो तेव्हा काही मेंढरं गेली होती. बाकीची तोंडाला फेस आणून, पाय झाडत पडलेली. तुम्ही गुडघ्यावर बसलात. मी मान धरायची, शीर दाबायची, तुम्ही उजव्या हातानं सुई घालायची. एक झालं की दुसरं. बिरातात्या मेंढरं ओढून आणत होते, त्यांची बायको ठकूमावशी कोणतं आधी घ्यायचं ते ओरडून सांगत होती. मधेच एक काळी मेंढी उठून उभी राहिली, डळमळली, शिंकली आणि चालायला लागली. तुम्ही तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही, पुढची मान मागितलीत. ऊन उतरलं तेव्हा बहुतेक कळप उभा होता. जी वाचली नाहीत त्यांच्याजवळ ठकूमावशी बसून होती, एकेकीच्या अंगावरून हात फिरवत. तुम्ही जाऊन तिच्याशेजारी बसलात. 

मग चहा झाला. निघताना मी चावी तुमच्यापुढं धरली. तुम्ही ती घेतली नाहीत. गाडीला वळसा घालून गेलात आणि मागं जाऊन बसलात.

त्या दिवसानंतर डांबरी सोडून कुठंही जायचं असलं की तुम्ही मला हाक मारायचा. शोरूमची सुट्टी बघून तुमच्या लांबच्या फेऱ्या ठरायला लागल्या. मी पुढं, तुम्ही मागं. निरेकाठच्या उसातून, कालव्याच्या भरावावरून, माळावरून. दगड लागले की मी थांबून गुंडी पिळायची, चिखल लागला की सैल करायची, आणि तुम्ही दर वेळी मागून म्हणायचा, "झालं का तुझ्या यंत्राचं?" भांडण सुरूच होतं, फक्त आता तुम्ही ते माझ्या पाठीशी बसून करत होता. एक गोष्ट मात्र मला खात राहिली. त्या दिवशी तुम्ही हँडल सोडलंत ते हार मानून, का मला पुढं करायचं म्हणून? मी विचारलं असतं तर तुम्ही उत्तर दिलं असतं, आणि ते ऐकायचं माझं धाडस नव्हतं. तुमच्यासारख्या बाईला मागं बसावं लागतंय, याचं मला वाईट वाटायचं. आणि पुढं बसायला मिळतंय याचा आनंदही व्हायचा. दोन्ही एकाच वेळी कुणाला सांगायचं?

परवा मी हे संजयना बोलून दाखवलं. ते तुमचा मफलर घडी करून कपाटात ठेवत होते. तुम्ही गेल्यापासून त्यांचं बोलणं फार कमी झालंय, कारखान्यातून येतात आणि ओट्यावर बसून राहतात. ते म्हणाले, "तुला म्हाईत न्हाय का? ताई मला एकदा म्हनली हुती, रूपाला सांगू नगंस, पन तिच्या मागं बसलं की मला डुलकी लागती." मी म्हणाले, माळावर? एवढ्या खडकात? "व्हय. म्हनली, कालव्याच्या भरावावर तर मी सरळ झोपती."

आम्ही दोघं हसलो. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा. कालव्याचा तो भराव, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उतार, मी जीव मुठीत धरून हँडल सांभाळायची आणि तुम्ही मागं झोपलेल्या. मला राग आला तुमचा, ताई. आणि मग इतकं बरं वाटलं की मी उठून आत गेले.

तुमच्या जाण्यात सांगण्यासारखं काहीच नव्हतं. दुपारी म्हणालात, डोकं ठणकतंय. लिंबू-सरबत मागितलंत. मी ते घेऊन बाहेर आले तेव्हा तुम्ही ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता आणि माझ्या हाकेला ओ दिली नाहीत. दवाखान्यात त्यांनी प्रयत्न केले. मेंदूत रक्तस्राव, म्हणाले. दिवस मावळायच्या आत सगळं संपलं. तुमच्यासारख्या बाईसाठी मला काहीतरी झुंजीचं असेल असं वाटत होतं, पण तुम्ही सरबतसुद्धा न पिता गेलात.

त्यानंतर मी एकदाही रडले नव्हते. घर माझ्यावर होतं. चहा, माणसं, संजय, आणि तुमचा फोन. तो मी माझ्याजवळ ठेवला, कारण तो वाजत राहिला. कुणाची गाय आटली, कुणाची शेळी फुगली. प्रत्येकाला मी सांगायची की ताई गेल्या. पलीकडचा माणूस हळू आवाजात दुसऱ्या डॉक्टरांचा नंबर मागायचा. सांगून सांगून माझी जीभ त्या वाक्याला सरावली.

मागच्या आठवड्यात बिरातात्यांचा फोन आला. मेंढरं घेऊन लांब गेले होते, आता परत उतरले होते, पळसदेवच्या अलीकडं, पाण्याच्या कडंला.

"डाक्टरीनबाई हायत का? कोकरांची तोंडं आल्यात. दूध वढंनात."

मला ते सरावलेलं वाक्य म्हणता येईना. मी म्हणाले, "येते तात्या." आणि भिगवणच्या साबळे डॉक्टरांना फोन लावला. ते चांगले आहेत, तुम्हीही म्हणायचा. चाळिशीचे, अंगानं भारी. म्हणाले, "मॅडम, तिथं माझी कार जात नाही." मी म्हणाले, माझ्या मागं बसा. ते बसले. वाटेत दोनदा "जरा हळू" म्हणाले, आणि चिखल आला तेव्हा माझे खांदे असे धरले की हात उचलता येईनात. तुमची फार आठवण आली.

बिरातात्या काठी टेकून उभे होते. तुमची गाडी ओळखली, हात वर केला. मग जवळ आल्यावर माझ्या मागं बघितलं.

"बाई कुठं हायत?"

मी गाडी स्टँडला लावली. हेल्मेट काढलं. "तात्या, ताई गेल्या."

"कुठं?" ते म्हणाले. आणि मग माझं तोंड बघून त्यांना कळलं.

त्यांनी डोक्याचा पटका काढला. तो हातात धरून तसेच उभे राहिले. उन्हात त्यांचं पांढरं डोकं फार उघडं दिसत होतं. साबळे डॉक्टर बॅग घेऊन अवघडून बाजूला थांबले.  मग तात्यांनी पटका पुन्हा बांधला, घसा साफ केला आणि म्हणाले, "या डाक्टर. कोकरं दावतो."

ठकूमावशी मागं राहिली. पालापाशी घोंगडी पसरली होती, त्यावर मला बसवलं.

"लई सोसलं का तिनं?"

"न्हाय. दुपारी डोकं दुखलं, दिवस मावळायला गेल्या."

"तू रडलीस का?"

मी नुसती मान हलवली, नाही म्हणून. ती घोंगडीत अडकलेली कुसळं काढत होती. मान वर न करता म्हणाली, "मग हितं रड. हितं कोन हाय बघाया? मेंढरं हायती."

आणि मी रडले, ताई. तोंडावर पदरसुद्धा घेतला नाही. मावशीनं पाठीवरून हात फिरवला नाही, उगी उगी म्हणाली नाही, ती कुसळं काढत राहिली. मी रडता रडता बडबडत होते. म्हणाले, मावशी, त्यांनी मला चार भिंतींबाहेर आणलं, माळावर नेलं, पायावर उभं केलं, नोकरीला लावलं, आणि मी त्यांच्याशी कायम भांडले. डॅम्परवरून भांडले, गुंडीवरून भांडले. एकदाही म्हणाले नाही की ताई, तुमच्यामुळं.

मावशीनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. तिला जरा नवल वाटल्यासारखं दिसलं.

"त्यात म्हनायचं काय? त्या दिशी तू तिला मागं घिऊन चिखलातनं आलीस, तवा तिचं तोंड मी बघत हुते. तुला कुठनं दिसनार, तू पुढं हुतीस. आगं, लेक पैल्यांदा सासरहून गाडी-घोडं घिऊन आली की आय बघती न्हवं, तशी बघत हुती ती तुझ्या पाठीकडं."

मग ती उठली आणि मला तांब्याभर पाणी आणून दिलं.